रत्नागिरी-चिपळूण-कुडाळ भागात आईसाठी केअर सेंटर शोधतेय, प्रत्यक्ष अनुभव हवेत

खाडीपलीकडे
नमस्कार मंडळी. आई ७९ वर्षांची, पावसच्या अलीकडे आमचं घर आहे, बाबा गेल्यापासून सहा वर्षं ती एकटीच राहत होती आणि खरंच छान राहत होती, परसातली अळूची पानं सुद्धा कोणाला काढू द्यायची नाही. मार्चमध्ये पडवीच्या पायरीवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, रत्नागिरीत ऑपरेशन झालं. हाड जुळलं पण त्यानंतर ती पहिल्यासारखी राहिली नाही. वॉकर धरून चार पावलं चालते, बाथरूमला कोणीतरी धरायलाच लागतं, आणि रात्री उठून बसते, म्हणते गाईला पाणी दाखवायचं राहिलं. गाय विकून पंधरा वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले डिमेन्शियाची सुरुवात आहे, आधीपासून असणार, पडल्यामुळे वर आलं.

मी डोंबिवलीला, दुसरा मजला, लिफ्ट नाही, दोघंही नोकरीवाले. भाऊ पुण्यात. दोन वर्षांपूर्वी आईला इकडे आणली होती तर आठव्या दिवशी पिशवी भरून दारात बसली. सध्या दिवसा शेजारच्या वाडीतल्या काकी येतात, रात्रीला ब्युरोची मुलगी, तीन महिन्यांत चार बदलल्या, एक तर न सांगता पहाटेच्या एसटीने निघून गेली आणि आई सकाळी दहापर्यंत ओल्यात पडून होती. ते काकींनी फोनवर सांगितलं त्या दिवसापासून मला झोप नाही.

तर रत्नागिरी ते कुडाळपर्यंत कुठेही चालेल, कोणी आईवडिलांना ठेवलं असेल तर सांगा. फोटो सगळ्यांचे छान असतात, खोल्या, बाग, देऊळ. मला तिथे रात्री काय होतं ते कळायला हवंय. वाईट अनुभव असेल तर नाव इथे नको, मेसेज करा, उगाच कोणाला त्रास नको.

सुरंगी
ताई, आधी शब्दाचा घोळ काढून टाक कारण आम्ही त्यातच दोन महिने घालवले. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरचं छोटं हॉस्पिटल, त्याची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते, तिथे दोन-पाच दिवस ठेवतील, महिने नाही. वृद्धाश्रम म्हणजे स्वतःचं स्वतः करणाऱ्या माणसांसाठी, बहुतेकांच्या फॉर्मवरच लिहिलेलं असतं की हिंडता-फिरता माणूस हवा. तुझ्या आईला हवंय ते तिसरं, ज्याला कोणी केअर सेंटर म्हणतं कोणी शुश्रूषा केंद्र, जिथे धरून नेणारी, पुसणारी, भरवणारी माणसं असतात. फोनवर पहिलाच प्रश्न हा विचार की आज धरून चालणारी आई उद्या अंथरुणाला खिळली तर ठेवाल का घरी न्या म्हणाल. आमच्या काकूंना असंच चार महिन्यांनी "आता आमच्याच्याने होणार नाही" म्हणून परत दिलं होतं, तेव्हा आमच्या हातात दोन दिवस होते.

आणि धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी दाखवतात त्यावर जाऊ नको. त्यावरून संस्था कागदावर खरी आहे एवढं कळतं, चादर किती वेळा बदलतात ते नाही कळत.

लाल_माती
राग मानू नका पण गावात एवढं मोठं घर असताना आईला परक्यांच्यात ठेवायचं हे मला पटत नाही. आमच्या आजीला आम्ही घरातच सांभाळली, शेवटपर्यंत.

कातळसडा
लाल_माती, आजीला सांभाळलं म्हणजे घरात किती बायका होत्या तेव्हा? आमच्या घरात चार होत्या, म्हणून झालं. मी वडिलांना घरी ठेवलं साडेतीन वर्षं, म्हणजे खरं सांगायचं तर माझ्या बायकोने ठेवलं, मी दुकानात. त्यांना उचलून उचलून तिची कंबर गेली, आज ती अर्धा तास उभी राहू शकत नाही. वडील गेले तेव्हा लोक म्हणाले मुलाने नाव काढलं. तिचं नाव कोणी घेतलं नाही. ताई तुम्ही शोधा, नीट शोधा, आणि कोणाला उत्तर द्यायच्या फंदात पडू नका.

मालवणी_मुलूख
ताई, वायट वाटून घेव नको. माझ्या आवशीक आम्ही दोन वर्सां कुडाळाकडच्या एका ठिकाणी ठेवला होता, थंयसरच ती गेली, आणि माका आजपण वाटता बराच केला.

आता सगळ्यांना समजेल असं लिहितो. दोन गोष्टी आम्हाला कोणी सांगितल्या नव्हत्या. पहिली जेवण. आम्ही आधी जिथे ठेवलं ती जागा फार स्वच्छ होती पण पूर्ण शाकाहारी. आई जन्मभर बांगडा-तारलीवर वाढलेली, तिला रोज फ्लॉवर-बटाटा. एका महिन्यात तिने जेवण टाकलं, आम्हाला सांगत होते वयामुळे भूक मेली. दुसरीकडे नेलं, तिथे बुधवार-रविवार माशाचं सार आणि मऊ भात, दोन वेळा मागून घ्यायची. तेव्हा तिथल्या स्वयंपाकघरात उभे राहा आणि विचारा सकाळी पेज मिळेल का, कुळथाची पिठी करता का. उलट पण आहे, तुमची आई शाकाहारी असेल तर भांडी वेगळी आहेत का बघा.

दुसरी गोष्ट गणपती. आपल्या कोकणात चतुर्थीला घरी जाणार नाही असा माणूस सापडत नाही. शिमग्याला तेच. वर्षभर उत्तम चालणारी जागा त्या पाच-सात दिवसांत दोन माणसांवर चालते. आईला पहिली जखम झाली ती गणपतीतच. प्रवेश घेताना सरळ विचारा चतुर्थीच्या रात्री इथे कोण असणार, नावानिशी.

आबोली
मी जीएनएम नर्स आहे, चौदा वर्षं झाली, हॉस्पिटलमध्ये आणि अडीच वर्षं अशा एका सेंटरमध्ये काम केलंय, ते का सोडलं ते शेवटी लिहिते. बाहेरून आलेल्या नातेवाईकाला जे दिसत नाही ते लिहिते, जरा लांबेल.

सगळ्यात आधी हिशोब करा. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायला हवी नाहीतर माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर बेडसोअर, म्हणजे पडून राहून दाबाने जखमा होतात. एका माणसाची कूस बदलून, डायपर बघून, दोन घोट पाणी देऊन दहा मिनिटं जातात. रात्री एक बाई आणि असे वीस पेशंट असतील तर दोनशे मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं, तीही न थांबता. मग दोन तासांनी कूस कशी बदलणार? ती बाई वाईट नसते हो, ती दमलेली असते. म्हणून माणसं किती ते विचारू नका, "रात्री जाग्या किती" ते विचारा. कारण काही ठिकाणी रात्रीचा स्टाफ म्हणजे दिवसभर राबलेल्याच बायका तिथेच चटई टाकून झोपतात.

कुशीचा चार्ट मागा बघायला. आणि तो चार्ट किती वाजेपर्यंत भरलाय ते बघा. संध्याकाळी सहाला गेलात आणि रात्री दहापर्यंतच्या सह्या आधीच झालेल्या असतील तर मला आणखी काही सांगायला नको.

बेडसोअर होतो तो आधी नुसता लालसर डाग असतो, बोटाने दाबला तर पांढरा पडत नाही तसाच लाल राहतो, तिथे पकडला तर बरा होतो. तुम्ही भेटायला जाल तेव्हा आईला ब्लाऊज बदलायच्या निमित्ताने पाठ आणि टाचा स्वतः बघा, दर वेळी. कोणी अडवलं तर का अडवलं विचारा. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची गरज नाही असं म्हणाले तर ते चूक आहे, आणि एअर बेडचा पंप विजेवर चालतो, आपल्याकडे पावसात लाईट किती जाते ते तुम्हाला मी सांगायला नको.

औषधांचा चार्ट बघा. संध्याकाळनंतर डिमेन्शियावाल्यांची घालमेल वाढते, हे खूपदा दिसतं, त्यांना घरी जायचं असतं, कोणाला गुरं बांधायची असतात. चांगल्या जागी बाई त्यांच्याबरोबर दोन फेऱ्या मारते, दिवा लावते, बोलत बसते. वाईट जागी सगळ्यांना एक झोपेची गोळी. मग माणूस दिवसा पण पेंगतो, पाणी पीत नाही, घास घशात अडकतो, पडतो. सकाळी अकराला जा, सगळे म्हातारे खुर्चीत मान टाकून झोपलेले दिसले तर विचारा कोणाला काय गोळी चालू आहे. हात बांधलेले दिसले तर तिथून निघाच.

वजनाची वही असते का विचारा, महिन्याला एकदा तरी वजन व्हायला हवं. अचानक एका दिवसात माणूस भ्रमिष्ट झाला तर ते "वय" नसतं, लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं असं काहीतरी असतं, हे तिथल्या बाईला माहीत आहे का बघा. राईल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली भरवायची नळी) असेल तर भरवताना डोकं वर उचललेलं हवं आणि नंतर निदान अर्धा तास तसंच, हे जेवणाच्या वेळेला गेलात तर डोळ्यांनी दिसतं.

वासाबद्दल एक. जुलैमध्ये कोकणात कुठेही गेलात तरी कपडे न सुकल्याचा कुबट वास येणारच, त्यावरून जागा वाईट समजू नका. लघवीचा जुना वास वेगळा असतो, गादीतून येतो, फिनेलने झाकत नाही.

मी सोडलं कारण रात्री चोवीस पेशंटना आम्ही दोघी होतो आणि मालकांना तीन वेळा सांगून तिसरी बाई मिळाली नाही. एका आजोबांची जखम हाडापर्यंत गेली. मी रोज ड्रेसिंग करत होते आणि रोज मला माहीत होतं की ही जखम झालीच नसती.

खाडीपलीकडे
आबोलीताई, तुमचं दोनदा वाचलं, प्रिंट काढून भावाला पाठवलं. शनिवारी कोकणकन्येने जातेय, तीन जागा बघायच्या ठरवल्यात. आई गाईचं म्हणते तेव्हा मी तिला सांगते अगं गाय कधीच विकली, मग ती रडते. चुकतं का माझं?

आबोली
चुकतं असं नाही, सगळे तेच करतात. पण तिला ती बातमी दर वेळी नव्याने कळते ना. गाय पाणी प्यायली म्हणून सांगा.

माडबन
पैशाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्या सासऱ्यांसाठी आम्हाला सांगितलेला आकडा महिना १८,००० होता, पहिलं बिल आलं २६,४००. डायपर वेगळे, हातमोजे वेगळे, ड्रेसिंग वेगळं, डॉक्टर व्हिजिट वेगळी, "विशेष देखभाल" म्हणून ३,००० वेगळे. लबाडी होती असं म्हणणार नाही, आम्ही विचारलंच नव्हतं. त्यामुळे कागदावर लिहून घ्या की आत काय आणि बाहेर काय. डायपर आणि औषधं स्वतः नेऊन देता येतील का विचारा, घाऊक घेतले की फरक पडतो, आणि महिन्याला किती लागले त्यावरून दिवसाला किती बदलतात तेही कळतं. डिपॉझिट किती दिवसांत परत ते पण लिहून घ्या, माणूस गेल्यावर तो विषय काढायला जीभ रेटत नाही.

आणखी एक गैरसमज. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळतं ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्नाची अट नाही, पाच लाखांपर्यंत. ते काढून ठेवाच. पण ते योजनेतल्या हॉस्पिटलात ॲडमिट झालं तरच, केअर सेंटरचं महिन्याचं बिल त्यात बसत नाही.

जागा नदीकाठची असेल तर कुठल्या मजल्यावर ठेवणार विचारा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला माझे मामा स्वतःच्या घरात होते, पॅरालिसिसचे, वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा तिघांनी त्यांना गादीसकट जिन्यावरून वर नेलं. तिथे तीन माणसं होती म्हणून.

सुरंगी
हॉस्पिटल किती लांब तेही बघ. १०८ ला फोन केला तरी घाटातून, पावसात, गाडी यायला वेळ लागतोच. चिपळूणकडची जागा असेल तर डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल जवळ, कुडाळकडून पडव्याचं हॉस्पिटल किंवा सरळ गोव्यात बांबोळीचं. त्या सेंटरला विचार मागच्या वेळी रात्री पेशंट कुठे नेला आणि सोबत कोण गेलं.

खाडीपलीकडे
जाऊन आले. तीन दिवस, तीन जागा. नावं लिहीत नाही, ज्यांना हवीत त्यांनी मेसेज करा, पण जे बघितलं ते सगळं लिहिते.

पहिली रत्नागिरी शहरापासून जवळच. नवी इमारत, चकचकीत टाईल्स, प्रत्येक खोलीत टीव्ही, मॅनेजर खूप गोड बोलले. भेटायची वेळ चार ते पाच. मी चारला भेटून निघाले आणि साडेसातला परत गेले, आईच्या औषधाचं विचारायचं राहिलं म्हणून. दिवे बंद होते. जेवणं साडेसहालाच उरकलेली. बावीस माणसांना दोन बायका, नर्स सकाळी येते म्हणाल्या. आतून एक आजी हाक मारत होत्या, "अगो पाणी दे गो", मी तिथे होते तेवढ्या वेळात चार वेळा. पलंगाला चार्ट होता. आबोलीताई, रात्री दहापर्यंत सह्या झालेल्या होत्या. मी बाहेर येऊन रिक्षात बसले आणि रडले, कारण चारला मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं, चेक पण नेला होता.

दुसरी चिपळूणकडे, ट्रस्टची. फार चांगली माणसं, म्हातारी मंडळी अंगणात गप्पा मारत होती, एक आजोबा मुलांना गणित शिकवत होते. पण त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं की धरून न्यावं लागणारं माणूस आम्ही घेऊ शकत नाही, आमच्याकडे तेवढे हात नाहीत. मला वाईट वाटलं पण आदर पण वाटला. ज्यांचे आईवडील हिंडते-फिरते आहेत त्यांनी जरूर बघा.

तिसरी लांज्याच्या बाजूला. रस्त्यापासून आत, जुनं कौलारू घर वाढवलेलं, शहाबादी फरशी, भिंतीला ओल आलेली. भाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला इथे? मीही पहिल्यांदा तेच म्हटलं. चौदा माणसं. रात्रीला एक एएनएम, म्हणजे नर्सिंग शिकलेली बाई आणि दोन मदतनीस, त्या दिवसा झोपतात, त्यांची खोली वेगळी आहे ती मला दाखवली. संध्याकाळी आठला चार्ट बघितला, आठपर्यंतच भरलेला, पुढचे रकाने कोरे. एवढ्याशा कोऱ्या रकान्यांनी मला केवढा धीर आला म्हणून सांगू. एका आजींच्या पोटरीखाली उशी होती, टाच अधांतरी, विचारलं तर मदतनीस म्हणाली डाग लाल दिसला म्हणून कालपासून ठेवलीय. वजनाची वही होती, तीन जणांची वजनं उतरलेली होती आणि पुढे पेनने लिहिलेलं, "अंडं सुरू", "कवळी सैल, मुलाला कळवलं". भेटायला कधीही या म्हणाले, फक्त दुपारी दोन ते चार सगळे झोपतात तेव्हा नको.

गणपतीचं विचारलं. हसले आणि म्हणाले बरोबर विचारलंत. तिथे दोघी मुस्लिम बायका कामाला आहेत, त्या चतुर्थीला थांबतात, ईदला बाकीच्या त्यांची पाळी करतात, एक सुतक असलेल्या घरची असेल तर ती थांबते, आणि त्या पाच दिवसांचे दुप्पट पैसे. नावं सांगितली तिघींची.

उणं पण आहे. रत्नागिरीचं सिव्हिल तासभर लांब, लांज्याचं ग्रामीण रुग्णालय जवळ पण तिथे सगळं होत नाही. जनरेटर नाही, इन्व्हर्टर चार तास चालतो म्हणाले. डॉक्टर आठवड्यातून एकदाच. बाथरूमला दांड्या आहेत पण मागच्या अंगणात शेवाळ होतं, मी दाखवलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी घासत होते. महिना २१,०००, डायपर आपले.

आधी पंधरा दिवस ठेवून बघा म्हणाले. भाऊ आणि मी अर्धे-अर्धे भरणार आहोत.

आणखी एक अडचण. चुलतभाऊ म्हणतोय की बाहेर कशाला, मी सांभाळतो, घर-आगर माझ्या नावावर करा.

सुरंगी
घाईने सही नको. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आहे, त्यातलं कलम २३ असं की सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मग सांभाळलं नाही तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात जाऊन तो व्यवहार रद्द करून घेता येतो. पण ती अट कागदावर हवी, नुसती तोंडी बोलली असेल तर भांडत बसायला लागतं. आणि आईला डिमेन्शिया आहे, तिची सही आत्ता कोणी घेतली तर ती कितपत समजून केली हाच मोठा प्रश्न होईल. वकिलाला विचारल्याशिवाय काहीच नको. सल्ला हवा असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन आहे, फुकट आहे.

लाल_माती
ताई, माझं आधीचं बोलणं मागे घेतो. घरी आईशी बोललो काल, ती म्हणाली तुझ्या आजीला शेवटी पाठीला मोठी जखम होती, तुम्हा मुलांना सांगितलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

कातळसडा
आईला नेताना तिची गोधडी, तिची उशी, तिचं नेहमीचं भांडं न्या. आणि पहिले दहा दिवस ती घरी चल म्हणेल, त्याची तयारी ठेवा.

खाडीपलीकडे
उशीर झाला लिहायला. आईला ठेवून पाच आठवडे झाले, पंधरा दिवसांनंतर आम्ही पुढे चालू ठेवलं. पहिला आठवडा फार कठीण गेला, रोज फोनवर "मला ने" म्हणायची, एक दिवस जेवली नाही. गोधडी नेली होती, तीच पांघरून दारात बसायची. मी दोनदा रजा काढून गेले, एकदा न सांगता रात्री नऊला. एएनएम बाई जागी होती, आईची पाठ बघितली, स्वच्छ आहे. भरती केली तेव्हा वजन ४१ किलो होतं, परवा ४१.८.

मध्ये सलग दोन दिवस लाईट नव्हती, इन्व्हर्टर संपला, तेव्हा एअर बेडवाल्या दोघांना साध्या गादीवर घेऊन तासा-तासाने कूस बदलली, चार्टवर आहे. दुसरी बॅटरी घ्या म्हणून आम्ही चार-पाच नातेवाईकांनी मिळून सांगितलंय, अर्धे पैसे आम्ही देतो म्हटलं, गणपतीच्या आधी बसवणार आहेत.

त्या रात्री नऊला गेले होते तेव्हा मी दाराबाहेर उभी होते आणि आई उठून बसलेली, गाईला पाणी दाखवायचं राहिलं म्हणून. ती मदतनीस बाई म्हणाली, "दाखवलं काकी, अख्खी बादली प्यायली." आई म्हणाली, "वासराला पण?" "त्याला पण." मग आई आडवी झाली.

नावासाठी मेसेज केलेल्या सात जणांना उद्या उत्तर देते, आज गाडी पकडायचीय.